बुटावर टेकलेली बंदूक

ओळख झाली की लोक नाव विचारतात, गाव विचारतात, आणि फारच रिकामे असले तर आडनावावरून पुढचा शोध घेतात. कडूबा हवालदार यातलं काहीच विचारत नसत. ते समोरच्याचा खांदा बघत. मी बदली होऊन आमच्या शाखेत आले त्या पहिल्याच सकाळी दारात त्यांनी माझ्या उजव्या खांद्याकडे असं टक लावून बघितलं की मी पदर सारखा केला आणि मनात म्हटलं, चला, इथंही एक नमुना आहेच.

"उजव्या खांद्याला पर्स अडकवता का म्याडम लई वर्सांपासून?" ते म्हणाले. "खांदा वर चढलाय. बंदूक हाती घेतली असती तर मारलं असतं तिनं तुम्हाला."

बँकेत कारकुनीतून वर आलेल्या बाईला बंदूक कशाला हाती घ्यावी लागेल, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. जगात दोनच प्रकारची माणसं आहेत, बंदूक चालवलेली आणि अजून न चालवलेली, असा त्यांचा हिशेब होता.

ते आमच्या शाखेचे बंदूकधारी रक्षक. फौजेत हवालदार होते, तिथं नव्या पोरांना गोळीबार शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणून निवृत्तीनंतरही सगळे त्यांना हवालदारच म्हणत. मूळचे देवगाव रंगारीकडचे, मेंढपाळाच्या घरातले. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी कडूबा नाव ठेवलं, यमाला घास कडू लागावा म्हणून. हे ते स्वतःच सांगत आणि वर पुस्ती जोडत, "लागला बी. दोनदा तोंडाला लावून थुकला त्यानं मला." उंचीनं बेताचे, छाती मात्र दाराएवढी आणि मिशा काळ्याभोर. इतक्या काळ्या की खरं वाटू नये. गुलमंडीतल्या एका ठरलेल्या दुकानातून ते मिशांचा कलप आणत, आणि तो आपण आणतो हे कुणालाच माहीत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती.

ती दुष्काळाची वर्षं होती. कन्नड, वैजापूरकडच्या विहिरी तळाला गेल्या होत्या आणि आमचं शहर मात्र फुगत चाललं होतं. आमची शाखा ज्या इमारतीत होती तिथं काही वर्षांपूर्वी ज्वारी डोलत होती म्हणे. आता चहूबाजूंनी प्लॉट पडलेले, सहामजली इमारती उठलेल्या, आणि प्रत्येक इमारतीच्या दाराशी निळे ड्रम टँकरची वाट बघत उभे. गावाकडून माणसं येत ती या इमारतींवर रखवालदार व्हायला. गावातला टँकर सोडून शहरातल्या टँकरच्या रांगेत लागायला. त्यातल्या ज्यांना बंदुकीचं काम जमेल त्यांना बँका, पेट्रोल पंप, सराफांची दुकानं यांच्याकडे चांगली जागा मिळे. अशी माणसं हवालदारांकडे येत आणि हवालदार त्यांना शिकवत. पडेगावच्या पुढे, दौलताबादच्या रस्त्याला त्यांची दोन खोल्यांची जागा होती. तिच्यामागच्या मोकळ्या माळावर रविवारी सकाळी हा वर्ग भरे.

मी तो वर्ग एकदा बघितला. हवालदारांच्या बायकोनं, गिरजाबाईंनी, कसल्याशा पूजेला बोलावलं होतं म्हणून गेले होते. पूजा बाजूला राहिली आणि मी माळावरच उभी राहिले. बाभळीच्या लाकडाची एक जडशीळ बंदूक त्यांनी स्वतः तासून केली होती. शिकणाऱ्यानं ती खांद्याला लावायची आणि हवालदारांनी समोरून नळीच्या तोंडावर तळहातानं दणका द्यायचा. तो दणका म्हणजे धक्का. त्यांचा अख्खा अभ्यासक्रम एवढ्याच विषयाचा होता. नेम वगैरे गोष्टी त्यांच्या लेखी दुय्यम. "नेम कुणालाबी येतो," ते म्हणत. "जत्रेत फुगे फोडणाऱ्याला बी येतो. गोळी पुढं जाती ती सगळ्यांना दिसती. मागं काय येतंय ते ज्याला कळलं त्यो खरा."

मग जातीजातीचा धक्का. बावीसची रायफल म्हणजे कोकरू, तोंड लावून जातं, कळतसुद्धा नाही. थ्री नॉट थ्री म्हणजे तरणा एडका, सरळ येतो आणि खांद्यात बसतो. तिच्यानंतर फौजेत आलेली रायफल तिच्याएवढ्याच ताकदीची, पण तिच्यातला थोडा जोर रिकामं काडतूस बाहेर फेकण्यात आणि नवं आत घेण्यात खर्च होतो, म्हणून ती खांद्याला सौम्य लागते. "घरात कामाला जुंपलेला पोरगा," हवालदार म्हणत, "दंगा कराया ताकद कुठून उरंल?" रिव्हॉल्वरला टेकायला खांदाच नाही, म्हणून ते मागं येण्याऐवजी वर उसळतं आणि मनगटाची परीक्षा बघतं. आणि सगळ्यांत वाईट ती आपली बँकेची बारा बोअर, दुनळी. तिच्यात शिसं जास्त, दारू जास्त, आणि बंदूक मात्र हलकी. "हलकी बंदूक जास्त मारती, ध्यानात ठेवा. जड आसंल तर तिचं तिलाच हलायला जड जातं. माणसाचं बी तेच हाय."

वर्गात दोन तऱ्हेची माणसं होती आणि दोन तऱ्हेच्या चुका. शेतीवाडीच्या घरातली माणसं बंदूक आवळून, छाती काढून, खांबासारखी ताठ उभी राहत. दणका बसला की आख्खा माणूस मागं कोलमडे. मेंढपाळांच्या घरातली माणसं नेमकी उलटी. त्यांना लहानपणापासून एडक्याच्या ढुशीची सवय, आणि एडका आला की अंग चोरायचं हे हाडात मुरलेलं. म्हणून ती बंदूक खांद्यापासून जराशी लांब धरत. इंचभर मोकळी जागा ठेवली की मार कमी बसेल, असा त्यांचा विश्वास. आणि नेमका त्याच इंचात दणका वेग घेई.

"एडक्यापासून अंग चोरलं ते बराबर," हवालदार एका दाढीवाल्या गड्याला सांगत होते. तो गडी खांदा चोळत उभा होता. "पर बंदूक एडका नाय. ती जवळ घेतली तर ढकलती, लांब धरली तर मारती. उराशी घे. पुढं वाक जरा. गुडघा ढिला सोड. धक्का पोटातून पायात जाऊ दे, पायातून जमिनीत. तुझं काय जातंय?"

हे वाक्य ते फक्त बंदुकीपुरतं ठेवत नसत, हा त्यांचा दोष म्हणावा की गुण, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. कुणाची बदली झाली, कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या सासूबाई कायमच्या राहायला आल्या, की हवालदारांचा सल्ला तयार. "जवळ घ्या. लांब धराल तर मारंल." माझ्या सासूबाई आल्या तेव्हा मीही हा प्रयोग करून बघितला. तो निम्मा साधला एवढंच सांगते.

त्यांची दुसरी एक गंमत होती, आणि पुढं जे झालं ते समजायला ती माहीत असायला हवी. वर्षातून एकदा डोंगराच्या पायथ्याशी गोळीबाराच्या मैदानावर बँकांच्या रक्षकांचा सराव होई. तिथं हवालदार आपल्या शिष्यांना बंदूक भरून देत. काडतूस खरं की आधीच उडवलेलं रिकामं, हे मात्र सांगत नसत. रिकामं असलं की चाप ओढल्यावर नुसतं टक् होई आणि गडी तरीही डोळे मिटून, खांदा मागं टाकून, तोंड वाकडं करून उभा असे. मग सगळे पोट धरून हसत. "बगा," हवालदार म्हणत, "धक्का आलाच नाय, आन् ह्यानं आधीच खाल्ला. भ्यालेलं माणूस असं. मार बसायच्या आधी रडतं." आणि कुणी बंदुकीला नावं ठेवायला गेलं, चाप जड आहे, नळी वाकडी आहे, तर ते खवळत. "बंदूक चुकत नाय. माणूस चुकतो." हा त्यांचा कायदा होता, आणि त्याला अपील नव्हतं.

शाखेत ते दाराशी लोखंडी खुर्चीवर बसत. बंदूक उभी, नळ्या वर, आणि मागचा लाकडी भाग, ज्याला ते कुंदा म्हणत, तो डाव्या बुटाच्या पुढच्या टोकावर टेकवलेला. फरशीवर कधीच नाही. उभे राहिले तरी तसंच, डावा पाय किंचित पुढं आणि त्याच्यावर बंदूक. रोजच्या त्या ओझ्यानं बुटाच्या टोकाला एक खळगी पडली होती. नवे बूट घेतले की काही महिन्यांत तिथंच नवी खळगी. शिपाई त्यांना चिडवे, "हवालदार, बँकेची फरशी झिजंल म्हणून भेता का?" मीही एकदा विचारलं होतं.

"बा सांगायचा," ते म्हणाले. "काठी भुईत रोवून उभा राहिला की मेंढपाळ झोपतो, आन् मेंढ्या लांडग्याच्या. काठी पायावर ठेवायची. डुलकी लागली की काठी घसरती आन् डोळा उघडतो. आमच्या घरात समदे असंच उभे राहतात. फौजेत लई शिव्या खाल्ल्या यापायी. पर गेली नाय सवय."

संध्याकाळी शाखा बंद झाली की बंदूक तिजोरीच्या खोलीत ठेवायची. त्या खोलीची एक किल्ली माझ्याकडे, म्हणून त्या वेळी मला हजर राहावं लागे. हवालदार बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर मधून उघडून, दोन्ही काडतुसं काढत, नळ्यांतून आरपार बघत, बंदूक मिटवत, आणि मग तोंड भिंतीकडे करून दोन्ही चाप एकामागून एक ओढत. टक्. टक्. बंदूक रिकामी असल्याची ती खात्री. ते आवाज झाले की मी कुलूप लावायची. ते आवाज माझ्या कानांना इतके सवयीचे झाले होते की त्यांच्यानंतरच मला आपण घरी चाललो असं वाटे.

मग तो सराव आला. शाखेची बंदूक मैदानावर न्यायची म्हणजे बरोबर एक अधिकारी लागतो, म्हणून मी जीपमधून गेले होते. बाकीच्यांचं झाल्यावर हवालदार उभे राहिले. दोन्ही नळ्या भरलेल्या. पुढचा चाप ओढला की उजवी नळी, मागचा ओढला की डावी. त्यांनी बंदूक खांद्याला घेतली, तीही इतक्या सहज की मी बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या बँकेच्या बाईंना म्हणणार होते, बघा आता. आणि एवढा मोठा आवाज झाला की मी दोन्ही कान झाकले. धूर हलला तेव्हा हवालदार जमिनीवर बसले होते. टोपी मागं पडली होती. दोन्ही नळ्या एकदम उडाल्या होत्या.

मुख्य कार्यालयातून आलेले सुरक्षा अधिकारी धावत आले. तेही फौजेतले, आणि माणूस सज्जन. त्यांनी हवालदारांना हात देऊन उठवलं, पाणी दिलं, आणि बाजूला नेऊन हळू आवाजात सांगितलं, "पकड ढिली पडली हवालदार. धक्क्यानं बोट मागच्या चापावर गेलं. वयाचं होतं असं."

"बंदूक बघून घ्यायची का एकदा?" मी मधेच विचारलं. मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण काहीतरी बोलायला हवं होतं.

उत्तर हवालदारांनी दिलं. "बंदुकीला काय धाड भरली? माणूस चुकतो म्याडम." आणि ते टोपी झटकत जीपकडे गेले.

स्वतःच्याच कायद्यानं त्यांनी स्वतःला दोषी ठरवलं होतं. अधिकाऱ्यांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. त्यानंतर बंदूक दुसऱ्याच्या हाती जाणार, आणि बंदुकीवाचून रक्षकाची जागा आमच्या शाखेत नव्हतीच. निवृत्तीला अजून दोन वर्षं होती. मुलगी सुनंदा शहरातच नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. नोकरी गेली तर पडेगावची जागा भाड्यानं देऊन गावी जायचं, आणि गावी विहिरीत उतरलं तर पाय कोरडे राहत होते. हे सगळं त्यांनी मला सांगितलं नाही, गिरजाबाईंनी सांगितलं. पण त्यांना खाणारी गोष्ट वेगळीच होती, आणि ती त्यांनी एकदाच, जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता सांगितली.

"नोकरीचं बघू. पर मला आठवत नाय म्याडम, माझं बोट गेलं का. मी डोळे मिटले की माझं बोट पुढच्याच चापावर दिसतं. मग मागचा कुणी वढला? माझंच बोट मला खोटं सांगू राह्यलं म्हंजी मंग काय राह्यलं?"

त्या रविवारी त्यांनी वर्गातल्या एकाला सांगून स्वतःची परीक्षा घेतली, तीच, काडतूस खरं की रिकामं न सांगता. बंदूक ओळखीच्या एका शेतकऱ्याची, परवान्याची होती, आणि परीक्षाही त्याच्याच रानात झाली. काडतूस रिकामं निघालं, आणि हवालदारांनी डोळे मिटलेले होते. कुणी हसलं नाही. मला वाटतं, हसले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर मिशांची मुळं पांढरी दिसायला लागली. आधी मुळं, मग निम्म्या मिशा. शिपायानंही चिडवणं सोडलं. दाराशी बसलेले हवालदार आता कुणाचे खांदे बघत नव्हते. पासबुक भरायला आलेल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "हवालदाराच्या घरी कुणी गेलं का वो?"

महिना संपत आला होता, त्या सुमारास एका संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे तिजोरीच्या खोलीत गेलो. हवालदारांनी बंदूक मोडली, काडतुसं काढली, नळ्यांतून बघितलं, बंदूक मिटवली. आणि मग त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. कुंदा बुटावर नाही, सरळ फरशीवर टेकवला. टेकवला म्हणजे सोडलाच. ओझं टाकतात तसा. चष्मा काढून पुसला, नाक ओढलं. मग बंदूक उचलून भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही चाप ओढले.

मी किल्ली हातात घेऊन उभीच राहिले. काहीतरी राहिलं होतं. गॅस बंद केला की नाही असं वाटतं ना, तसं.

"हवालदार," मी म्हटलं, "आज एकदाच वाजलं."

"दोन्ही वढले म्याडम."

"ओढले, ते मी बघितलं. पण मागचा वाजला नाही. आणि एक आवाज आधीच झाला होता. तुम्ही खाली टेकवलीत तेव्हा."

त्यांचा डावा कान फौजेत गेला होता, त्यांना तो ऐकू आला नसावा.  मग त्यांनी बंदूक पुन्हा मोडली, म्हणजे आतले घोडे पुन्हा ताणले गेले. पुन्हा मिटवली. बोटं चापांपासून लांब, दोन्ही हातांनी नळ्या धरून, त्यांनी कुंदा फरशीवर आपटला.

टक्.

त्यांनी पुन्हा मोडली, पुन्हा मिटवली, पुन्हा आपटला. टक्. कुणीही चाप ओढत नव्हतं. आमच्या दोघांची बोटं आमच्या डोळ्यांसमोर होती.

हवालदार जुन्या कागदपत्रांच्या पेटीवर बसले. बराच वेळ उजव्या हाताचं पहिलं बोट डाव्या मुठीत धरून बसले होते. "म्हंजी माझं बोट नव्हतं," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "माझं बोट नव्हतं." मग त्यांनी डोळे पुसले ते उघड उघड, चष्म्याचं निमित्त न करता. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच हसायला लागले आणि मग मीही रडले.

तेवढ्यात ते एकदम उठले आणि दाराबाहेर बघू लागले, जिथं त्यांची लोखंडी खुर्ची होती. खुर्चीच्या अलीकडे पासबुकाची रांग लागायची. बायका पोरं कडेवर घेऊन तिथंच टेकायच्या. दिवसभर दोन्ही नळ्या भरलेल्या, नळ्यांचं तोंड त्यांच्या स्वतःच्या कानाशी आणि रांगेतल्या माणसाच्या हनुवटीशी. आतलं काय बिघडलं होतं आणि कधीपासून, कोणास ठाऊक. दिवसातून कितीदा ती बंदूक वर उचलली जायची आणि खाली टेकायची, आणि प्रत्येक वेळी ती टेकायची बुटावर. कातड्यावर, पंजावर, मऊ. फरशीवर एकदाही नाही.

हवालदारांनी मान खाली घालून आपल्या बुटाकडे बघितलं. मीही बघितलं. माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की झालं नाही, काहीच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांची परवानगी घेऊन आम्ही बंदूक गुलमंडीच्या मागच्या गल्लीत नेली. तिथं एक वयस्कर कारागीर बंदुका दुरुस्त करत. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. उस्तादांनी बंदूक मिटवून कुंद्यावर लाकडी हातोडीचा एक ठोका दिला, टक् ऐकलं, आणि मग आतलं यंत्र खोलून एक बारीकसा लोखंडी दात चिमट्यात धरून उजेडात दाखवला.

"ये घिस गया, हवालदार," ते म्हणाले. "पहली नाल का झटका लगते की दूसरी अपने आप छूटती. तुम्हारी उँगली का क्या कसूर इसमें?"

"क्या बोले?" हवालदारांनी विचारलं.

उस्तादांनी पुन्हा सांगितलं.

"जरा जोर से बोलो उस्ताद, एक कान से कम सुनता मैं."

उस्ताद ओरडून बोलले. बाजूचा कापडवाला बाहेर आला. हवालदारांनी त्यालाही काय झालं ते विचारायला लावलं आणि उस्तादांकडून पुन्हा वदवून घेतलं. उजवा कान ठणठणीत आहे हे मला माहीत होतं. पण मलाही ते पुन्हा पुन्हा ऐकायचंच होतं.

परत येताना जीप गुलमंडीत थांबवून ते "आलोच" म्हणून उतरले आणि एक छोटी पुडी खिशात घालून आले. सोमवारी मिशा काळ्याभोर होत्या.

सुरक्षा अधिकारी स्वतः येऊन भेटले, हवालदारांचे हात हातात घेऊन चूक झाली म्हणाले. हवालदार म्हणाले, "साहेब, मी बी तेच म्हणलो व्हतो. दोघं फाशी गेलो आसतो." शाखेला नवी बंदूक मिळाली. मैदानावरची परीक्षा पुन्हा द्यायची होती, आणि डोळे मिटण्याची खोड अजून गेलेली नव्हती, कारण भीतीला बंदूक नवी की जुनी हे कळत नाही. त्यावर हवालदारांनी आपल्या शिष्यांना कामाला लावलं. रविवारमागून रविवार शिष्य खरं-रिकामं न सांगता भरून देत आणि हवालदार चाप ओढत. डोळे मिटले की सगळ्यांनी मोठ्यांदा हसायचं, हा त्यांचाच हुकूम. गिरजाबाई सांगत, सुरुवातीला माणसं तोंडात फडकं कोंबून बसायची, गुरूला कसं हसायचं म्हणून. मग सरावली. मग एके दिवशी हसायला काही उरलं नाही.

मैदानावर मी याही वेळी गेले होते. उजवी नळी उडाली. हवालदारांचा खांदा मागं गेला, गुडघा जरा वाकला, आणि ते उभे होते. मग थोडं थांबून, आम्हाला सगळ्यांना पुरतं बघू देऊन, डावी. माझ्या शेजारचा तो दाढीवाला गडी "बास" म्हणाला आणि खाली बसला.

दोन वर्षं ते शाखेत राहिले. सुनंदा नर्स झाली आणि शहरातच कामाला लागली. त्यांच्या कायद्यात मात्र दुरुस्ती झाली होती. "आधी माणूस बघा, मंग बंदूक बघा. पर दोन्ही बघा." वर्गातल्या कुणी कुंदा जमिनीवर टेकवला की त्याला माळाला एक फेरी.

निवृत्तीच्या दिवशी हार, नारळ, फोटो झाले. साहेबांनी भाषण केलं, हवालदारांनी त्यांच्या खांद्याची पोझ सुधारली. मग आम्ही दोघं तिजोरीच्या खोलीत गेलो. त्यांनी बंदूक मोडली, काडतुसं काढली, आरपार बघितलं, मिटवली, भिंतीकडे तोंड केलं.

टक्. टक्.

"ऐकलं म्याडम?"

"ऐकलं. दोन्ही."

"मंग लावा कुलूप."

मी कुलूप लावून बाहेर येईपर्यंत ते रस्त्यावर गेले होते. सिग्नलशी उभे होते, हार काखेत, नारळ पिशवीत. वाहनं थांबत नव्हती आणि त्यांनाही घाई दिसत नव्हती. उजव्या हातात बंदूक नव्हती, काठी नव्हती, काहीच नव्हतं. डावा पाय मात्र किंचित पुढं होता, बुटाचं टोक जरासं वर, आणि त्याच्या वर, छातीशी, उजव्या हाताची मूठ काहीतरी उभं धरल्यासारखी सैल मिटलेली. मग सिग्नल सुटला आणि ते रस्ता ओलांडून गेले.